कुंडीतलं ऊन

आजचा विषय घरगुती आहे. उष्णतेची लाट आठ-दहा दिवस मुक्कामाला आली की गॅलरीतल्या आणि गच्चीवरच्या झाडांचं काय करायचं? 'पाणी वाढवा आणि आडोसा करा' एवढंच सांगायचं असतं तर तुम्हाला उन्हातून इथवर बोलावलं नसतं. आम्ही ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुंड्यांमध्ये झाडं लावणारी माणसं. एकमेकांच्या बागा बघून आमचं एक मत झालं आहे: लाटेत गेलेलं झाड कुंडीतून उपसून बघितलं, तर माती पुष्कळदा ओलीच असते. म्हणजे झाड तहानेनं गेलेलं नसतं. मग कशानं गेलं, ते आज बघायचं आहे.

आधी लाट म्हणजे नेमकं काय. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, किनारपट्टीला ३७ पुरतात; आणि दोन्हीकडे ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. आपल्याकडे किनाऱ्याचा खरा फायदा म्हणजे खारा वारा. तो दुपारच्या आत सुटला तर पारा तिथेच थांबतो. पण पूर्वेकडून, घाटाकडून, कोरडा वारा जोरात वाहत असला की खाऱ्या वाऱ्याला यायला उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात तापमान चढून बसतं. मुंबईला उशीर झाला तर ठाण्याला आणखी होतो. डोंबिवली-कल्याणला पोचेपर्यंत त्या वाऱ्यात फारसा जीव उरत नाही. म्हणून सांताक्रूझचा आकडा ऐकून आपल्या गच्चीचा अंदाज बांधू नये. १६ एप्रिल २०२४ ला सांताक्रूझलाच ३९.७ अंश होते, मग आत काय असेल ते बघा. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याला लाटेचा इशारा आला होता. होळी झाली की बघू, हा हिशेब आता चालत नाही.

आणि हे सगळे आकडे सावलीतले. खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळणाऱ्या पेटीत असतो. तुमची काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात, तापलेल्या लादीवर, भिंतीला टेकून असते. जमिनीतल्या झाडाची मुळं फूटभर खाली गेली की त्यांना दिवस-रात्रीचा फारसा फरक कळत नाही. कुंडीला मात्र चारी बाजू उघड्या. ऊन बाजूनं आत शिरतं, आणि कोवळी, पाणी ओढणारी मुळं नेमकी कुंडीच्या कडेलाच गोळा झालेली असतात. माती चाळिशीच्या पुढे गेली की ती मुळं काम थांबवतात, फार वेळ तशी राहिली तर मरतात. दुपारी तीन वाजता पश्चिमेकडच्या कुंडीला बाहेरून हात लावून बघा. चटका बसला तर आतल्या मुळांनाही तो बसतोय.

आता यातून गडबड कशी होते बघा. पानांना बारीक रंध्रं असतात. त्यातून पाण्याची वाफ जाते आणि पान थंड राहतं. आपल्याला घाम येतो तसंच काहीसं. ऊन फार झालं की मुळं पुरवठा करू शकत नाहीत, पानं मान टाकतात, रंध्रं मिटतात. जास्वंद, अळू, दुधीचा वेल दुपारी असे पडतात की बघवत नाही. आपण घाबरतो आणि बादली घेऊन धावतो. खरं तर मान टाकणं हा झाडाचा स्वतःचा बचाव आहे. पान उभं राहिलं असतं तर त्यावर जास्त ऊन पडलं असतं. माती ओली असताना आपण आणखी पाणी घातलं की मातीतली हवा निघून जाते. तापलेली, हवा नसलेली, चिखल झालेली माती, आणि त्यात अर्धमेली मुळं. दोन-तीन दिवसांत ती कुजतात. झाड मग आणखी मान टाकतं, आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून आमचा नियम साधा आहे. दुपारी निर्णय घ्यायचा नाही. संध्याकाळी सातला बघायचं. झाड सावरलं असेल तर त्याला काही झालेलं नाही. सकाळी सहालाही मान खालीच असेल, तर बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर सावली. शंका आली तरी सावलीच.

पाणी किती, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचा हिशेब घरी करता येतो. एक चौरस मीटर जागेवरचं एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर धरू. बारा इंची कुंडीचं तोंड साधारण ०.०७ चौरस मीटर; नुसत्या मातीतून अर्ध्या लिटरपेक्षाही कमी जाईल. पण झाडाचा पसारा दोन फूट असेल, तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि दीड-पावणेदोन लिटर लागतं. म्हणजे कुंडीच्या मापानं नाही, पानांच्या पसाऱ्याच्या मापानं पाणी. बारीक कढीपत्त्याला आणि ऐसपैस मोगऱ्याला सारखाच तांब्या घालणं बरोबर नाही.

पाणी सकाळी, ऊन यायच्या आत. गच्चीवर टाकी आणि पाइप उन्हात असतात. दुपारी नळ सोडला तर पहिलं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं. संध्याकाळी सहालाही ते गरमच असतं. ते आधी बादलीत काढा, निवू द्या. आम्ही तर रात्रीच बादल्या भरून झाकून ठेवतो. सकाळी त्यातलं पाणी गार असतं.

आणखी एक नेहमीची तक्रार: वरून घातलं की लगेच खालून जातं, मग झाड कोरडं कसं? लाल माती पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून थेट खाली. ताटली भरते, मुळं कोरडी. अशी कुंडी उचलून मोठ्या टबात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. उचलत नसेल तर थोडं पाणी, दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं, असं तीनदा.

कुंडीबद्दल थोडं. मातीच्या कुंडीतून बाजूंनीही पाणी उडतं, म्हणून ती लवकर वाळते. पण त्याच कारणानं गार राहते. माठाचंच तत्त्व. प्लॅस्टिक पाणी धरतं आणि तापतं. सगळ्या कुंड्या बदलायच्या का? मुळीच नाही. प्लॅस्टिकच्या कुंडीला गोणपाट गुंडाळा, ते सकाळी ओलं करा. किंवा कुंड्या एकमेकींना चिकटवून दाटीनं ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत. भिंतीपासून वीतभर दूर, खाली दोन विटा. आणि एसीचं बाहेरचं यंत्र गॅलरीत असेल, तर त्याच्या तोंडासमोर काहीही ठेवू नका. ती वाफ सहन करणारं झाड आम्हाला अजून भेटलेलं नाही.

मातीवर आच्छादन हवंच, तीन-चार बोटं जाड. यासाठी विकत काही आणू नका. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं घरच्या आणि आसपासच्या काडीकचऱ्यातून माती करायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून ओल्या कचऱ्यावर बाग उभी करून दाखवली. आपल्या हाताशी काय आहे? उन्हाळ्यात रसवंतीच्या बाहेर उसाच्या चिपाडांचा ढीग असतो, मागितला तर तो माणूस आनंदानं देतो. चिपाड एकदा पाण्यातून काढून दोन-तीन दिवस कडक वाळवा, नाहीतर राहिलेल्या गोडव्यावर मुंग्यांची वरात येईल. नारळाच्या शेंड्या, रस्त्यावरची वाळलेली पानं, तीही चालतात. मात्र खोडाला चिकटवून ढीग लावायचा नाही.

आडोशाचं बघताना सूर्य कुठून येतो ते आधी बघा. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणजे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात जे ऊन आत यायचं, ते मे महिन्यात दुपारी येतच नाही. उलट थंडीत सावलीत असलेल्या उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ लागतं, कारण सूर्य उगवतो ईशान्येकडे आणि मावळतो वायव्येकडे. तिथली मनी प्लांट आणि शोभेची पानं मग अचानक करपतात आणि लोक म्हणतात, जागा तर बदलली नाही! तुम्ही नाही बदलली, सूर्यानं बदलली. खरा त्रास पश्चिमेचा. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना डोंगर थोडं आधी ऊन अडवून देतो. डोंबिवलीत उघड्या पश्चिमेला ते शेवटपर्यंत असतं. पश्चिमेला छत काही कामाचं नाही, उभा पडदा हवा. पन्नास टक्क्यांची शेडनेट चांगली, जुनी सुती साडीही चालते. झाडावर टेकवू नका, मधे हात-दीड हात हवा खेळू द्या.

आता अवघड मुद्दा. सोसायटीत टँकर येत असताना कुंड्यांना पाणी घालायचं का? आमच्यातही यावर वाद होतात. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. तिथलं पाणी आपल्याला आणि मुंबईला येतं, आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला. हे माहीत असताना नळाला पाइप लावून गच्ची धुतल्यासारखं पाणी घालणं आम्हाला पटत नाही. आमचं म्हणणं, एकदा वापरलेल्या पाण्यावर जेवढी बाग जगते तेवढीच ठेवावी.

ते पाणी कमी नसतं. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी थेट चालतं. मीठ घातलेलं आणि भांड्यांच्या साबणाचं नाही. वॉशिंग मशीनचं फक्त शेवटच्या खळबळीचं, तेही तुळस आणि पालेभाजी सोडून. एसीचं पाणी आपल्या दमट हवेत भरपूर निघतं. त्यात क्षार नसतात, झाडांना ते उत्तम. आरओ यंत्राच्या बाहेर टाकलेल्या पाण्याचं मात्र बघून. महापालिकेचं पाणी धरण-नदीचं, मुळात मऊ. त्याचं टाकाऊ पाणी झाडांना चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं असेल तर क्षार वाढलेले असतात, कुंडीत ते साठतात, पानांच्या कडा करपतात. खरं म्हणजे मऊ पाण्याला आरओ हवाच कशाला? राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे त्यावर बंदी आणायला सांगितलं होतं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

साठवलेलं पाणी झाकून ठेवा आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

लाटेत काय करायचं नाही, ते पटकन सांगतो. कुंडी बदलायची नाही. मोठी छाटणी नाही, खालची कोवळी साल आणि आतली पानं भाजतात. खत नाही, मुळं थकलेली असताना जोराचं खत म्हणजे तापात पुरणपोळी. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायचीच तर सूर्य गेल्यावर. नर्सरीतून नवं रोप आणायचं नाही. ते शेडनेटखाली वाढलेलं असतं.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, म्हणून हळहळू नका. त्याला फळ धरायला गार रात्र लागते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री २७ अंशांच्या आसपास असतात. कोथिंबीर लगेच फुलावर जाते. या दिवसांत मायाळू, चवळी, भेंडी, गवार साथ देतात. मोगऱ्याला तर हेच ऊन हवं असतं, त्याला सावलीत नेऊन बिचाऱ्याचा बहर घालवू नका. बोगनवेलीलाही थोडी तहान मानवते.

शेवटी वादळाचं. लाटेच्या शेवटी वळवाचा पाऊस वारा घेऊन येतो. १३ मे २०२४ चं धुळीचं वादळ आठवा. घाटकोपरला होर्डिंग कोसळलं तो दिवस. कठड्यावरची कुंडी पाचव्या मजल्यावरून पडली तर खाली माणूस असतो. म्हणून एप्रिलमध्येच कठडे मोकळे करायचे, टांगलेल्या कुंड्या उतरवायच्या, शेडनेट चारी कोपऱ्यांना दोरीनं बांधायची.

आणि पावसाच्या तारखेवर विसंबू नका. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ ला २५ जूनला पोचला, २०२५ ला २६ मेला. जवळजवळ महिन्याचा फरक. चिपाडांचं एक पोतं आणि दोन गोणपाटं त्या जादाच्या महिन्यासाठी बाजूला ठेवा. पाऊस खरोखर लागला की ताटल्या काढून टाका, आच्छादन निम्मं करा, आणि शेडनेट एकदम न काढता आठवडाभरात हळूहळू सरकवा.

आता प्रश्न विचारा.