साडेपाच फुटांचं चाक

सायकलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गिअर किती?" एकवीस म्हटलं की मुलगा खूश, वडील गप्प. चक्रांना दात किती, हे कुणी विचारत नाही. सगळी गंमत मात्र तिथेच आहे.

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये पळणाऱ्या उंच सायकलींना चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला. पायांची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा असेल तर चाक वाढवा. कुठवर, तर पाय पोचेल तिथवर. पाच फुटी चाकावर चढून माणसं तोंडावर आपटत. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' आणली. तिची चेन मागचं चाक फिरवत होती. चाकं लहान झाली, पण ते मोठं चाक गेलं कुठे? ते दिसेनासं झालं, एवढंच!

हिशेब करून बघा. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८, चाक २७ इंची. पायांच्या एका फेरीत मागच्या चाकाच्या फेऱ्या ४४ भागिले १८. त्याला गुणिले २७: उत्तर ६६ इंच. म्हणजे बिनगिअरच्या साध्या सायकलवरचा माणूस खरं तर साडेपाच फुटी चाक फिरवत असतो, आणि थांबला की पाय आरामात जमिनीला टेकवतो.

पुण्यात विद्यापीठाच्या ४११ एकरांत वसतिगृह, विभाग आणि जयकर ग्रंथालय एवढंच फिरायचं असेल, तर हे एक चाक पुरे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि दणकट कुलूप यांवर पैसे घाला. पण रविवारी सिंहगडाचा घाट खुणावत असेल तर साडेपाच फूट छातीवर येतात. तिथे पुढे २८, मागे २८ दात हवेत. मग चाक उरतं २७ इंचांचं. चढ तेवढाच राहतो, त्याचे हप्ते पडतात: पायडल जवळजवळ अडीचपट मारायची, दर वेळी जोर मात्र तितकाच कमी.

एकवीस आकड्याला भुलू नका. ४८ ला २४ आणि २८ ला १४ हे दोन्ही गिअर तंतोतंत दुप्पट, म्हणजे एकच. पुढचं शॉकअपही मला कॉलेजच्या सायकलला फुकटचं ओझं वाटतं. घाटात उभं राहून पायडल मारताना थोडा जोर तेच गिळतं. त्यापेक्षा ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर घ्या, खड्ड्यांना तेवढे बास. मापही बघा: सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा.

आणि दुकानदाराला मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात विचारा. ते पुढच्या सर्वांत लहान चक्राइतके किंवा जास्त असतील, तरच घाटाचं नाव काढा.