गोव्यातील पर्यटनस्थळे

गोवा हे क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत लहान राज्य असून त्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी आहे. पश्चिमेस सुमारे १०५ किमी लांबीचा अरबी समुद्राचा किनारा आणि पूर्वेस सह्याद्रीची रांग यांमधील या अरुंद पट्टीत समुद्रकिनारे, चर्च, मंदिरे, किल्ले, अभयारण्ये आणि प्रागैतिहासिक कोरीव चित्रे एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या अंतरात आढळतात. पर्यटकांची गर्दी मात्र प्रामुख्याने बारदेश आणि साष्टी या तालुक्यांच्या किनाऱ्यावर असते.

राज्यात कोठे काय पाहावयास मिळते, हे बऱ्याच अंशी पोर्तुगीज सत्तेच्या विस्ताराशी निगडित आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी (आजच्या मुरगाव तालुक्यासह) हा भाग सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोर्तुगिजांकडे गेला. त्यास ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे आणि काणकोण हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आला. या ‘नव्या काबिजादी’ होत. पहिल्या भागात भव्य चर्च आहेत आणि जुने मंदिर जवळजवळ आढळत नाही. दुसऱ्या भागात मंदिरांची दाटी आहे. या दोन भागांच्या सीमेवर बहुतेक ठिकाणी एखादी नदी किंवा खाडी आहे.

जुने गोवे

पणजीच्या पूर्वेस सुमारे १० किमी अंतरावर मांडवीच्या काठी जुने गोवे आहे. अफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर आदिलशहाकडून जिंकले. पुढे ते पोर्तुगालच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी बनले. साथीच्या रोगांमुळे शहर हळूहळू ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजीस राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. येथील चर्च आणि कॉन्व्हेंट यांचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आज हिरवळीवर एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या या वास्तू पाहताना त्यांमधील मोकळ्या जागेत एकेकाळी दाट वस्तीचे शहर होते, हे सहसा लक्षात येत नाही.

बॉम जेझस बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निधन झाले. त्यांचा पार्थिव देह येथे चांदीच्या पेटीत ठेवलेला आहे. ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट दिला असून १६९८ मध्ये बसविण्यात आला. सामान्यतः दर दहा वर्षांनी हे अवशेष जनतेच्या दर्शनासाठी शेजारच्या से कॅथेड्रलमध्ये नेले जातात. अशी शवप्रदर्शने भरतात तेव्हा देशविदेशांतून भाविक येतात. यापूर्वीचे शवप्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. बॅसिलिकेच्या लालसर जांभ्या दगडाच्या भिंती छायाचित्रांमुळे सर्वपरिचित झाल्या आहेत, पण हे तिचे मूळ रूप नव्हे. भिंतींवरील चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असल्याने गोव्याच्या पावसात उघड्या दगडाची झीज होते. त्यामुळे गिलावा पुन्हा द्यावा की परिचित रूप कायम ठेवावे, यावर वाद आहे.

से कॅथेड्रल हे संत कॅथरीन यांना समर्पित आहे, कारण शहर जिंकले तो त्यांच्या सणाचा दिवस होता. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. संत ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये पडले. उरलेला सुमारे ४६ मी. उंचीचा अर्धभग्न मनोरा होली हिलवर उभा आहे. या अवशेषांत सापडलेल्या अस्थी जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असल्याचे संशोधनातून मान्य झाल्यावर २०२१ मध्ये त्या जॉर्जियाकडे सुपूर्द करण्यात आल्या. रोममधील सेंट पीटर्सच्या धर्तीवरील संत कायतान चर्चजवळ एक एकाकी दरवाजा आहे. तो आदिलशाही वाड्याचा अवशेष मानला जातो. संत फ्रान्सिस असिसी यांच्या कॉन्व्हेंटमधील पुरातत्त्व संग्रहालयात आल्बुकेर्कचा पुतळा व व्हाइसरॉयांची चित्रे आहेत, तशाच कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळही आहेत.

फोंड्याची मंदिरे

जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात मंदिरे पाडली जाऊ लागली, तेव्हा अनेक देवस्थानांच्या महाजनांनी मूर्ती आणि लिंगे रातोरात नदीपार नेली. त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली असलेला अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हे त्यांचे प्रमुख आश्रयस्थान ठरले. कुठ्ठाळी (कुशस्थळी) येथील श्रीमंगेश १५६० मध्ये झुवारी ओलांडून प्रियोळ येथे आले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा नारायणी म्हार्दोळ येथे स्थिरावली. बांदोडे येथील नागेशी मात्र पूर्वीपासून तेथेच आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील असंख्य कुटुंबांची ही कुलदैवते असल्याने येथे येणाऱ्यांत पर्यटकांइतकेच कुलाचारासाठी येणारेही असतात. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकर यांचे मूळ गाव असून आडनावही त्यावरूनच आले आहे.

आश्रयासाठी बांधलेली आरंभीची देवळे साधी होती. आज दिसणाऱ्या वास्तू बहुतांशी अठराव्या शतकातील व त्यानंतरच्या आहेत. कवळ्याचे शांतादुर्गेचे मंदिर १७३८ च्या सुमारास, छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने बांधले गेले. गर्भगृहावर शिखराऐवजी अष्टकोनी बैठकीवरील घुमट, कौलारू उतरते छप्पर, अंगणात अनेक मजली पांढरा दीपस्तंभ, समोर तळी आणि भोवती भाविकांसाठी अग्रशाळा, ही या मंदिरांची ओळख होय. घुमट, कमानी आणि अर्धस्तंभ यांत इस्लामी व युरोपीय वास्तुरीतींचा प्रभाव स्पष्ट दिसतो. ज्या सत्तेमुळे देव स्थलांतरित झाले, तिच्याच चर्चची काही वैशिष्ट्ये त्यांच्या नव्या देवळांत उतरली. अंगभर पोशाख नसल्यास मंदिरांत प्रवेश मिळत नाही. किनाऱ्यावरून थेट येणाऱ्या पर्यटकांना हे बहुधा दारातच कळते.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत होय. मूळ मंदिर समोरच्या दिवाडी बेटावर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर लिंग नदीपार नार्व्यास आणण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा आदेश दिला आणि तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडील जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. माशेल येथील देवकीकृष्ण मूळचे चोडण बेटावरील असून आषाढात मंदिरासमोर होणारा ‘चिखलकालो’ प्रसिद्ध आहे. फोंडा शहराजवळची साफा मशीद १५६० मधील आदिलशाही वास्तू असून तिचे दगडी तळे पाहण्यासारखे आहे.

ज्याला स्थलांतर करावे लागले नाही असे कदंबकालीन मंदिर पाहायचे असल्यास सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी सुर्ला येथे जावे लागते. बाराव्या-तेराव्या शतकातील हे महादेव मंदिर गोव्यात सर्वत्र आढळणाऱ्या जांभ्याऐवजी काळ्या बेसाल्टचे आहे. हा दगड घाटावरून आणला असावा, असे मानले जाते. वस्तीपासूनच्या दुर्गमतेनेच ते वाचविले.

पणजी आणि किल्ले

पणजीच्या उभारणीत जुन्या गोव्यातील पडक्या इमारतींचे दगड वापरले गेले. मुख्य चौकातील अवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची मोठी घंटाही ऑगस्टीनियन अवशेषांतून, मध्यंतरी आग्वाद येथे टांगली जाऊन, येथे आली. फोंताईन्यश हा रंगीत भिंतींच्या आणि लाकडी सज्जांच्या घरांचा जुना वाडा पायी पाहावा. तेथे लोक राहतात, हे छायाचित्रे काढताना अनेकदा विसरले जाते आणि रहिवाशांच्या तक्रारी होत राहतात. जुन्या सचिवालयाची इमारत मुळात आदिलशहाचा वाडा होती. तिच्या बाजूचा १९४५ मधील पुतळा कांदोळी येथे जन्मलेल्या आबे फारिया यांचा असून संमोहनविद्येच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

किल्ल्यांपैकी मांडवीच्या मुखावरील आग्वाद (१६१२) सर्वाधिक पाहिला जातो. गलबते येथे गोडे पाणी भरून घेत, त्यावरूनच हे नाव पडले. येथील दीपगृह १८६४ मधील आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रही कैदेत होते, तेथे आता संग्रहालय आहे. रेईश मागुश किल्ल्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आहे. शापोरा किल्ला ‘दिल चाहता है’ (२००१) या चित्रपटामुळे तरुणांत लोकप्रिय झाला. राज्याच्या उत्तर टोकावरील तेरेखोलवर १९५४ मध्ये सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला होता.

समुद्रकिनारे

उत्तरेस केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, वागातोर, हणजूण, बागा, कळंगुट व कांदोळी, तर दक्षिणेस माजोर्डे, कोलवा, बाणावली, आगोंद व पाळोळे हे प्रमुख किनारे होत. फलकांवर यांतील अनेक नावे रोमन लिपीतील पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, त्यामुळे बाहेरच्यांच्या तोंडी हणजूणचे ‘अंजुना’ आणि पाळोळ्याचे ‘पालोलेम’ झाले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी हणजूण-कळंगुट परिसरात येऊ लागले. १९८३ च्या राष्ट्रकुल परिषदेतील नेत्यांची गोवा भेट आणि त्यानंतर युरोपातून सुरू झालेली चार्टर विमाने यांनी हॉटेल व्यवसायास वेग दिला. मासेमारी आणि रापणीची जागा त्यानंतर क्रमाने आकुंचित होत गेली. आज कळंगुट-बागा पट्ट्यात पाणी, कचरा आणि वाहतूक यांचा ताण सर्वाधिक आहे.

मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. हा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका पर्यटनाचाही हंगाम असतो. पिल्ले उजेडाच्या दिशेने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरील दिव्यांमुळे ती उलट वाट धरतात. म्हणून घरट्यांभोवती कुंपण घालून वन खात्यामार्फत राखण केली जाते आणि रात्रीच्या प्रकाशावर व मोठ्या आवाजावर निर्बंध आहेत.

सह्याद्री आणि अंतर्भाग

सुमारे ३१० मी. उंचीचा दूधसागर धबधबा भगवान महावीर अभयारण्यात, कर्नाटकच्या सीमेलगत आहे. पावसाळ्यानंतर कुळे येथून परवानाधारक जीपने तेथे जाता येते. रुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य खारफुटीचे असून ते रायबंदरहून फेरीबोटीने गाठता येते. फोंडा परिसरातील सुपारी, नारळ, मिरी व केळी यांची ‘कुळागरे’ मसाल्याच्या बागा म्हणून दाखविली जातात.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या सड्यावर बैल, हरणे, मानवाकृती आणि एक गुंतागुंतीचे वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेले आहे. पुरातत्त्व खात्यास १९९३ मध्ये त्यांची माहिती मिळाली. ही चित्रे उघड्या नदीपात्रालगत असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जातात. एकाच वेळी इतकी जुनी आणि इतकी असुरक्षित जागा राज्यात दुसरी नसावी.

प्रवास आणि हंगाम

राज्यात दाबोळी आणि मोपा (जानेवारी २०२३ पासून) असे दोन विमानतळ आहेत. कोकण रेल्वेवरील मडगाव, करमळी व थिवी ही सोयीची स्थानके होत. गर्दीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरणे धोक्याचे असते व किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात. २४ जूनचा सांजाव, चिखलकालो आणि ऑगस्टमधील दिवाडीचा बोंदेरा हे सण मात्र याच दिवसांत येतात. दिवाडीस जुन्या गोव्याहून फेरीबोट जाते आणि ती पादचाऱ्यांकडून पैसे घेत नाही.