जमाखर्चाच्या वाटेने आलेली फौज

युद्ध म्हटले की माझ्या पिढीला सायरन आणि खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आठवतात. २७ जून २०१७ रोजी युक्रेनवर झालेल्या हल्ल्यात यातले काहीच नव्हते. तो शिरला जमाखर्चाच्या वाटेने. तिथल्या कंपन्या कराच्या हिशेबासाठी ‘एमईडॉक’ नावाची संगणकप्रणाली वापरत. आपल्याकडे टॅली वापरतात तशी. तिच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीतूनच विषाणू सोडण्यात आला. कारकुनांनी ती विश्वासाने घेतली आणि बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या यांचे संगणक पटापट मान टाकू लागले. चेर्नोबिलला किरणोत्सर्गाची मोजणी माणसांना हाताने करावी लागली. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती. पण तो नुसता बुरखा. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हते.

‘नॉटपेट्या’ हे त्या विषाणूचे नाव. २०२० मध्ये अमेरिकेने त्यासाठी सहा जणांवर आरोप ठेवले. ही टवाळ पोरे नव्हती. रशियन लष्करी हेरखात्याच्या ७४४५५ क्रमांकाच्या पथकातले पगारी अधिकारी होते. रशियाने अर्थात कानांवर हात ठेवले. अमेरिकेलाही मी सोवळे मानत नाही. विषाणूला एका संगणकातून दुसऱ्यात उडी मारायला उपयोगी पडलेले एक हत्यार तिच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवलेले होते आणि तिथून फुटले होते.

तोफेचा गोळा पडेल तिथेच फुटतो. हा मात्र सरहद्द मानेना. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा येथील कचेरीत एका संगणकावर ‘एमईडॉक’ होते. तेवढी फट पुरली. साऱ्या जगातला तिचा कारभार कोलमडला आणि आपल्या न्हावा शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात, तिच्या समूहाच्या टर्मिनलवरची चढउतार अडली. युक्रेनशी काडीचा संबंध नसलेला माल इथे खोळंबला! मर्स्कच्या यंत्रणेच्या किल्लीची एकच शाबूत प्रत अखेर घानात सापडली, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून गंमत वाटेल. त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

मला खरा प्रश्न वाटतो तो पुढचा. हे नुकसान भरायचे कोणी? मर्क या अमेरिकी औषध कंपनीने विमा मागितला, तेव्हा विमा कंपन्यांनी पॉलिसीतले युद्धाचे कलम पुढे केले. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी २०२२ आणि २०२३ मध्ये मर्कच्या बाजूने कौल दिला. लष्करी कारवाईसाठी लिहिलेले कलम इथे लागू नाही, असे ठरले. प्रकरण २०२४ च्या आरंभी तडजोडीने मिटले. पण तोवर विमेवाले सावध झाले होते. ३१ मार्च २०२३ पासून लंडनच्या लॉइड्स बाजाराने सायबर विम्याच्या नव्या पॉलिसींत, कोणत्याही सरकारच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या हल्ल्याचे नुकसान वगळणारे कलम सक्तीचे केले.