न बसणारा भाग, बसणारा भुर्दंड

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या स्कूटरचे मागचे ब्रेकशू बदलण्याची वेळ आली. घाटकोपरच्या एका दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोहोंवर एकाच कंपनीचे नाव व चिन्ह होते. किमतीत मात्र जवळजवळ निम्म्याचा फरक होता. ‘दोन्ही ओरिजिनलच,’ असे त्याने सांगितले आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्या या गृहस्थाने स्वस्त डबा उचलला. गॅरेजात शू बसविल्यावर त्यांवर ड्रम चढेना. मेकॅनिकने कानस हाती घेतली. ‘सर, थोडं घासलं की बसतं. हल्ली सगळा माल असाच येतो,’ असा त्याने धीर दिला. आठवड्याभराने असल्फ्याच्या उतारावर ते चाक तापून जागच्या जागी जखडले. मागे माझी मुलगी बसली होती. वेग बेताचा होता म्हणून खरचटण्यावर निभावले. पुन्हा नवे शू, पुन्हा मजुरी आणि खराब झालेल्या ड्रमची किंमत असा हिशेब मांडला, तेव्हा स्वस्त जोडी महागड्या जोडीच्या तिप्पट पडली होती. बिल मागितले नव्हते. त्यामुळे तक्रारीलाही जागा उरली नव्हती.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता, तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत स्कूटर वापरणाऱ्या बहुतेक शिक्षकांना व कारकुनांना ‘घासून बसविलेला’ एखादा भाग ठाऊक असतो. रिक्षाचालकाचे हाल तर याहून अधिक. मुंबई बेटावर रिक्षाला मज्जाव असल्याने हा व्यवसाय वांद्रे-शीवपलीकडच्या उपनगरांतच चालतो, आणि पुष्कळ चालक दुसऱ्याच्या मालकीची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवितात. न बसणाऱ्या एका केबलपायी गाडी गॅरेजात उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडते. भागाची किंमत काउंटरवर ठरते. त्याचा भुर्दंड मात्र पुढे भलत्याच माणसाच्या माथी बसतो. कधी तो चालक असतो, तर कधी मागच्या आसनावरचा प्रवासी.

असे का होते? जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये अन्य दोघांसमवेत त्यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे प्रतिपादन सोपे आहे. मालाचा खरा दर्जा विक्रेत्यास ठाऊक असतो, ग्राहकास नसतो. त्यामुळे ग्राहक चांगल्या मालाचीही पुरी किंमत देण्यास कचरतो. मग चांगला माल विकणाऱ्यास बाजार परवडेनासा होतो आणि वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. सुट्या भागांच्या दुकानात हेच घडते. धातूचा कस व मापातला केसाएवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो डबा, आणि डबा छापणे सर्वांत सोपे असते.

यावर ‘अधिकृत विक्रेत्याकडूनच माल घ्यावा’ असा उपदेश केला जातो. तो निम्माच खरा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण पाहावे. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले होते. तरीही टॅक्सी म्हणून ती पुढे दोन दशके धावली. २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा पुरी करून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. एवढा काळ त्या गाड्या जगल्या त्या भंगारातून काढलेल्या आणि छोट्या कारखान्यांत घडविलेल्या भागांवर व कारागिरांच्या कानशीवर. तेथेही घासणे-ठोकणे होतेच. परंतु भाग जुना आहे की कारखान्यातला, हे घेणाऱ्यास ठाऊक असे. कारागीरही त्यानुसार काळजी घेई. भाग मूळ कंपनीचा नसणे हा दोष नव्हे. आपण कोण आहोत हे त्याने लपविणे, हा खरा दोष आहे.

शिवाय मूळ उत्पादकांचे हातही सर्वस्वी स्वच्छ नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात येऊ न देता, ग्राहकास आपल्याच दुकानाशी बांधून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. तथापि त्यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. अस्सल भाग दुर्मीळ व अवाच्या सव्वा महाग ठेवला, की नकली मालाला आयते गिऱ्हाईक मिळते. मक्तेदारी आणि बनावटगिरी वरवर एकमेकींच्या वैरिणी भासतात. प्रत्यक्षात एकीच्या आधाराने दुसरी पोसली जाते.

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा होय. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्यास शुल्क पडत नाही. शासनाने मनावर घेतले, तर दुचाकीच्या हेल्मेटसाठी २०२१ पासून मानचिन्ह सक्तीचे झाले त्याच कठोरपणे ब्रेकच्या भागांची तपासणी दुकानांतून होऊ शकेल. आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घरोघरच्या वाणसामानाची सामुदायिक खरेदी करून दाखविली, तर रिक्षाचालकांच्या संघटनांनी सुट्या भागांची तशी खरेदी का करू नये? एकटा ग्राहक डब्यावर भरवसा ठेवतो. शंभर ग्राहक एकत्र आले, तर ते उत्पादकाकडून माप तपासून घेऊ शकतात.

परवा त्याच दुकानात क्लचची केबल घेण्यास गेलो. पुन्हा दोन डबे पुढे आले. मी म्हटले, ‘पक्के बिल करा आणि त्यावर भाग कोणत्या कंपनीचा ते लिहा.’ दुकानदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता दोहोंतला एक डबा उचलून परत फळीवर ठेवला.