शरीराचे आकारमान आणि मूत्रपिंडांची कार्यक्षमता

मूत्रपिंडे दर मिनिटाला जेवढे रक्तद्रव गाळतात, त्या प्रमाणास गाळणदर (जीएफआर) म्हणतात. मूत्रपिंडांची कार्यक्षमता याच दरावरून ठरवली जाते. तो प्रत्यक्ष मोजणे किचकट असल्याने सामान्यतः रक्तातील क्रिएटिनिनवरून त्याचा अंदाज काढतात. या अंदाजात शरीराचे आकारमान दोन प्रकारे महत्त्वाचे ठरते.

पृष्ठफळ

निरनिराळ्या देहयष्टीच्या व्यक्तींची तुलना करता यावी म्हणून गाळणदर १.७३ चौरस मीटर पृष्ठफळास धरून सांगतात. हा आकडा १९२८ साली मॅकिंटॉश, मोलर व व्हॅन स्लाइक यांनी २५ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रीपुरुषांच्या सरासरीवरून घेतला. पृष्ठफळ काढण्याचे मोस्टेलर यांचे सूत्र (१९८७) सोपे आहे: सेंटिमीटरमधील उंची व किलोग्रॅममधील वजन यांच्या गुणाकारास ३६०० ने भागून वर्गमूळ काढावे.

उदाहरणार्थ, १५० सेंटिमीटर उंची व ४५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीचे पृष्ठफळ सुमारे १.३७ चौरस मीटर येते. अहवालात गाळणदर ६० असल्यास तिचा प्रत्यक्ष दर ६० × १.३७ ÷ १.७३, म्हणजे मिनिटाला सुमारे ४७.५ मिलिलिटर असतो. मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणाऱ्या औषधांची मात्रा ठरवताना हा फरक निर्णायक ठरू शकतो. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या सूत्रात (१९७६) वजन समाविष्ट असून त्याचे उत्तर पृष्ठफळास धरून नसते.

स्नायू आणि मेद

क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंत तयार होते. स्नायू कमी असल्यास रक्तातील क्रिएटिनिनही कमी राहते आणि मूत्रपिंडे दुर्बल असूनही अंदाज चांगला येतो. वजनावरून स्नायूंचे प्रमाण कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातही कमी वजनाच्या नवजात अर्भकांत स्नायूंच्या मानाने मेद अधिक आढळला.

मर्यादा

वृद्ध, कुपोषित किंवा अवयव गमावलेल्या व्यक्तींमध्ये क्रिएटिनिनवर आधारित अंदाज विशेष जपून वापरावा लागतो. अशा वेळी स्नायूंवर कमी अवलंबून असणाऱ्या सिस्टॅटिन सी या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते.