मोटारीतील सुरक्षा उपकरणे काढून टाकण्याचे कायदेशीर व विमाविषयक परिणाम

मोटारीच्या उत्पादकाने बसवलेले आसनपट्टे (सीटबेल्ट), एअरबॅग, आसनपट्ट्याची आठवण देणारा गजर इत्यादी उपकरणे काढून टाकल्यास किंवा निकामी केल्यास भारतीय कायद्यानुसार वाहनमालक शिक्षेस पात्र ठरू शकतो व त्याचा विमा दावाही अडचणीत येऊ शकतो. हे दोन परिणाम स्वतंत्र आहेत. दंड भरल्याने विम्याचा प्रश्न सुटत नाही आणि दावा मंजूर झाला म्हणून गुन्हा माफ होत नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून पुणे–नाशिक महामार्ग जातो. नारायणगाव, आळेफाटा व मंचर ही वर्दळीची गावे याच मार्गावर आहेत, तर माळशेज घाट व भीमाशंकरकडे जाणारे रस्ते वळणावळणांचे आहेत. या तालुक्यांतील वाहनांची नोंदणी पिंपरी-चिंचवड परिवहन कार्यालयात (एमएच १४) होते.

== बदलांचे प्रकार ==

सर्वांत स्वस्त व सर्वांत प्रचलित बदल म्हणजे गजर बंद करणारी क्लिप. आसनपट्ट्याच्या खाचेत ती अडकवली की पट्टा न लावताही गजर वाजत नाही. एअरबॅगची रचना प्रवाशाने पट्टा लावला आहे असे गृहीत धरून केलेली असते. पट्टा नसल्यास शरीर पुढे फेकले जाते आणि उघडणाऱ्या पिशवीचाच आघात होऊ शकतो. मूळ सुकाणूचक्र बदलून शोभेचे चक्र बसवल्यास चालकाची एअरबॅगच नाहीशी होते. आसनात बाजूची एअरबॅग असलेल्या मोटारीवर घट्ट कव्हर चढवल्यास ती उघडण्यास अडथळा येतो. पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डमुळे (बुल बार) धडकेचा जोर वेगळ्या रीतीने पोचतो व एअरबॅगच्या संवेदकांवर परिणाम होऊ शकतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले. हे गार्ड सुरक्षेच्या समजुतीनेच बसवले जातात, हा यातील विरोधाभास आहे.

== कायदेशीर तरतुदी ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवणे कलम १९० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पट्टा न लावल्यास कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंड आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर गजर बंद करणाऱ्या क्लिपांच्या विक्रीकडेही सरकारचे लक्ष गेले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. तोवर १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या होत्या. क्लिप वापरणे हा निष्काळजीपणा मानून विमा कंपनी दावा नाकारू शकते, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

== विम्यावरील परिणाम ==

अपघातात बाधित झालेल्या पादचाऱ्याचे किंवा दुचाकीस्वाराचे संरक्षण सहसा टिकते. कलम १५० मध्ये विमा कंपनीचे बचाव मोजकेच आहेत: वैध परवाना नसणे, मद्यप्राशन, महत्त्वाची माहिती लपवणे इत्यादी. सुरक्षा उपकरण काढल्याचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही.

मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसीच्या अटींवर ठरतो. वाहन सुस्थितीत ठेवणे ही नेहमीची अट असते आणि केलेला बदल सर्वेक्षकाच्या अहवालात नोंदला जाऊ शकतो. तरीही प्रत्येक अटभंगाने दावा पूर्ण बुडतो असे नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) खासगी मोटार भाड्याने चालवली जात असताना चोरीस गेली होती. अटभंगाचा चोरीशी संबंध नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के भरपाई कायम ठेवली. हाच तर्क लावल्यास क्लिपमुळे मोटारीचा पत्रा चेपत नाही, म्हणून पत्र्याच्या दाव्यात क्लिपचा मुद्दा दुबळा ठरतो. प्रवाशाच्या इजेबाबत मात्र तोच मुद्दा बळकट होतो, कारण इजा वाढण्याशी क्लिपचा थेट संबंध दाखवता येतो.

उत्पादकाविरुद्धचा हक्कही कमकुवत होतो. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई कंपनीविरुद्धच्या खटल्यात एअरबॅग न उघडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निर्णय दिला. मालकानेच सुकाणूचक्र किंवा तारा बदलल्या असतील, तर दोष मूळचा होता हे सिद्ध करणे कठीण जाते.

== जुन्या मोटारींची खरेदी ==

जुनी मोटार घेणाऱ्यास आधीच्या मालकाने केलेला बदल ठाऊक नसतो. एअरबॅगचा सूचक दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून काही क्षणांत विझला पाहिजे. तो मुळीच न पेटणे हे तो दिवाच काढून टाकल्याचे लक्षण असू शकते. कलम १८२-अ बदल करणाऱ्या मालकास लागू होते, पण असे वाहन रस्त्यावर चालवणाऱ्यास कलम १९० टळत नाही. विमा कंपनीने दावा नाकारल्यास पुणे येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.