पायथॉनमध्ये सेटमधून आयटम कसा काढायचा? रिमूव्ह की डिस्कार्ड?

१ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आजच्या नावांनी मांडलं तर जुन्या जिल्ह्याचे तालुके दहा: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. त्यातले शेवटचे सहा नंदुरबारकडे गेले.

ही दहा नावं पायथॉनच्या सेटमध्ये टाकू. सेटमध्ये एकच नाव दोनदा राहत नाही आणि पहिला-दुसरा असा क्रमही नसतो. म्हणून 'पाचव्या नंबरचा काढ' असं सांगता येत नाही, नावच द्यावं लागतं.

काढायचे मार्ग

- रिमूव्ह: दिलेलं नाव काढतो. ते सेटमध्ये नसेल तर 'की-एरर' देतो.
- डिस्कार्ड: नाव असेल तर काढतो, नसेल तर गप्प बसतो.
- पॉप: कुठलंही एक नाव काढून तुमच्या हातात देतो. कोणतं, ते आधी सांगता येत नाही.
- क्लिअर: सगळा सेट रिकामा.
- वजाबाकी: दहाच्या सेटमधून नंदुरबारच्या सहांचा सेट वजा केला की चार तालुक्यांचा नवा सेट मिळतो. मूळ सेट तसाच राहतो.

खरी गंमत इथे आहे

अक्राणी तालुक्याला बरेच जण धडगाव म्हणतात, कारण तालुक्याचं मुख्यालय तिथे आहे. आपल्याला ते माहीत आहे, पायथॉनला नाही. सेटमध्ये 'अक्राणी' असताना तुम्ही 'धडगाव' काढायला सांगितलं, तर रिमूव्ह लगेच एरर देईल. डिस्कार्ड काहीच बोलणार नाही. तुम्हाला वाटेल काम झालं, पण अक्राणी तिथेच!

आता तालुक्यांऐवजी मोबाईल नंबर समजा. एकाने 'मला मेसेज नको' सांगितलं. सेटमध्ये त्याचा नंबर '+९१' लावून आहे, तुम्ही नुसते दहा आकडे डिस्कार्ड केले. मेसेज जातच राहणार आणि एररही दिसणार नाही.

म्हणून साधा नियम: नाव सेटमध्ये असायलाच हवं तिथे रिमूव्ह, असलं-नसलं तरी चालतं तिथे डिस्कार्ड.

एक काळजी: सेटवर फॉर लूप चालू असताना त्याच सेटमधून काही काढू नका, 'रनटाइम एरर' येऊ शकते. आधी कॉपी करा, लूप कॉपीवर चालवा आणि मूळ सेटमधून काढा.

लॅपटॉप नसेल तरी हरकत नाही, पायड्रॉइड ॲपवर फोनमध्येच करून बघा. आधी 'धडगाव' काढून बघा, मग 'अक्राणी'!